सॅट न देता अमेरिकेच्या कॉलेजांना अर्ज: लातूरहून

लातूरात बारावी सायन्सच्या पोराला कुणी भेटलं की पहिला प्रश्न "नीट का जेईई?" आणि दुसरा "क्लास कुठला?", तिसरा प्रश्न सहसा येतच नाही. २०२३ च्या जूनमध्ये मी घरी सांगितलं की मला यातलं काहीच द्यायचं नाही, मला अमेरिकेतल्या चांगल्या कॉलेजांना अर्ज करायचाय, इकॉनॉमिक्स आणि स्टॅटिस्टिक्स शिकायचंय, आणि तिकडं सॅट नावाची जी परीक्षा असते तीपण न देता अर्ज करता येतो. अण्णा गप्पच बसले. माय म्हणाली, "परीक्षाच नाय तर मग घेतेत कशावरून?"

प्रश्न अगदी बरोबर होता. आता मी तिथं दुसऱ्या वर्षाला आहे आणि औसा, निलंगा, अहमदपूर, पार नांदेड-परभणीकडून पोरं-पोरी तेच विचारतात, टेस्ट न देता कसं काय, डोनेशन भरलं का, एजंट कोण होता. एजंट कुणी नव्हता, डोनेशन नव्हतं. काय काय करावं लागलं ते सगळं एकदाच लिहून काढते.

आधी टेस्ट-ऑप्शनल म्हणजे काय ते, कारण यात लई घोळ होतो. टेस्ट-ऑप्शनल म्हणजे सॅटचे किंवा तिच्यासारखीच दुसरी परीक्षा असते त्या एसीटीचे मार्क पाठवले तर बघतील, नाही पाठवले तर बाकीच्या कागदांवर ठरवतील. टेस्ट-ब्लाइंड म्हणजे पाठवले तरी बघणार नाहीत, युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचं तसं आहे, बर्कली आणि यूसीएलए दोन्ही त्यात आले, पण तिथं परदेशी पोरांना घरची परिस्थिती बघून फी माफ करत नाहीत, म्हणून आमच्यासारख्यांनी ते नाव वहीतून खोडायचं. आणि हे काही करोनानंतर निघालेलं फॅड नाही. मेन राज्यातल्या बोडन कॉलेजनं १९६९ मध्येच परीक्षेची अट काढली होती, बेट्सनं १९८४ मध्ये, माउंट होल्योकनं २००१ मध्ये, शिकागो युनिव्हर्सिटीनं २०१८ मध्ये. २०२० ला परीक्षा केंद्रंच बंद पडली तेव्हा बाकीचे झुंडीनं आले, आणि एमआयटी २०२२ मध्ये परत परीक्षेकडं गेली सुद्धा. म्हणजे कॉलेज मोठं असलं म्हणून त्याचा नियम हाच असेल असं धरून चालायचं नाही, दरवर्षी प्रत्येकाचं पान उघडून वाचायचं.

मी सॅट का नाही दिली? फुकट मिळणारे सराव पेपर सोडवले होते. गणित छान जायचं, आपल्या अकरावी-बारावीच्या गणितापुढं ते सोपंच आहे. पण इंग्रजी वाचनाचा भाग पुढं सरकेना. मी दहावीपर्यंत औशाला सेमी-इंग्लिशला होते, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी सगळं मराठीतून, तिथल्या पोरांच्या इंग्रजीशी चार महिन्यांत कशी बरोबरी होणार. शिवाय फी, पुण्याला जाणं-येणं, एक मुक्काम धरला तर दहा हजारांच्या वर खर्च आणि मार्क जेमतेम आले तर तो गेलाच.

पण नुसतं वाटतंय म्हणून ठरवलं नाही. बहुतेक कॉलेजं दरवर्षी कॉमन डेटा सेट नावाची एक पीडीएफ काढतात, कॉलेजचं नाव टाकून शोधली की सापडते. त्यात सी९ नावाच्या भागात ज्यांनी सॅटचे मार्क दिले त्यातल्या मधल्या निम्म्या पोरांना किती होते ते असतं. माझ्या सरावाचे मार्क त्याच्या खालच्या टोकाच्याही बरेच खाली येत होते. सी७ मध्ये तक्ता असतो, कुठल्या गोष्टीला ते किती वजन देतात त्याचा, शाळेचे मार्क, शिक्षकांची पत्रं, निबंध, परीक्षा, सगळं. आणि एच६ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांना मागच्या वर्षी मदत दिली का, कितीजणांना दिली, सरासरी किती दिली. एजंट लोक हेच सांगायचे पैसे घेतात, आणि ते फुकट, सगळ्यांसमोर पडलेलं आहे. मी तर आधी एच६ बघायचे, तिथं आकडा बरा दिसला तरच पुढं वाचायचे.

कारण खरी चाळणी पैशाची आहे, परीक्षेची नाही, हे मला त्या पीडीएफ वाचून कळलं. काही मोजकी कॉलेजं नीड-ब्लाइंड असतात, म्हणजे पोरगं घ्यायचं का नाही हे ठरवताना ते पैसे मागतंय का हे बघत नाहीत, आणि परदेशी पोरांनाही हाच नियम लावणारी तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, माझ्या वर्षी त्यातली ॲमहर्स्ट आणि बोडन टेस्ट-ऑप्शनल होती. बाकीची बहुतेक नीड-अवेअर, म्हणजे मदत मागितली की तुमची रांग वेगळी आणि लांब. अण्णा मार्केट यार्डात एका आडतीवर मुनीम आहेत, आमचं घर त्या पगारावर आणि औशाकडच्या थोड्या कोरडवाहू रानावर चालतं, त्यामुळं जवळजवळ पूर्ण मदतीशिवाय जाणंच शक्य नव्हतं. टेस्ट-ऑप्शनल वाचून हुरळून जाणाऱ्यांना मी हे पहिलं सांगते.

आता मायच्या प्रश्नाकडं. परीक्षा नाही तर घेतात कशावरून. नववी ते बारावी चार वर्षांचे मार्क, दोन शिक्षकांची पत्रं, आपल्या ज्युनिअर कॉलेजकडून एक पत्र आणि त्या कॉलेजची माहिती, तुमचा साडेसहाशे शब्दांपर्यंतचा निबंध, आणि शाळेबाहेर काय करता त्याची यादी. ऐकायला सोपं वाटतं. अडचण अशी की यातलं एकही आपल्याकडं कुणी नीट जपून ठेवत नाही, कारण कधी लागतच नाही. आपल्याकडं दहावीचा बोर्ड, बारावीचा बोर्ड आणि एन्ट्रन्स. मधलं सगळं हवेत.

माझी नववी २०२०-२१ ची. शाळा मोबाईलवर, परीक्षा झालीच नाही, एप्रिल २०२१ ला सरकारनं नववी आणि अकरावीला सरसकट वरच्या वर्गात घातलं. माझ्या प्रगतिपुस्तकावर मार्कांच्या रकान्यांत आडवी रेघ आणि खाली वर्गोन्नत असा शिक्का. तिकडच्या माणसाला ही रेघ बघून काय कळणार? औशाच्या शाळेत गेले, मुख्याध्यापक बाईंना समजावून सांगितलं, त्यांनी शाळेच्या लेटरहेडवर चार ओळी लिहून दिल्या की त्या वर्षी राज्यातल्या कुठल्याच शाळेत नववीची वार्षिक परीक्षा झालेली नाही. चार ओळीच, पण त्या नसत्या तर माझं एक वर्ष गायब दिसलं असतं.

अकरावीचं तर विचारूच नका. अकरावी हे वर्ष आपल्याकडं कुणी धरतच नाही. अर्धी पोरं नावाला कुठल्या तरी गावच्या ज्युनिअर कॉलेजात आणि दिवसभर लातूरात क्लासला, अकरावीची परीक्षा उरकून टाकायची. मी रोज कॉलेजला जाणाऱ्यांतली होते, चाचण्या, सहामाही, वार्षिक सगळं दिलं होतं, पण मार्कशीट हातात कधी आलीच नव्हती. ऑफिसात मागायला गेले तर क्लार्क काका म्हणाले, "अकरावीची? टीसी म्हणायलीस का?" नाही काका, मार्कशीट. त्यांना खरंच आठवेना की याआधी कुणी कधी मागितली होती. शेवटी कपाटाच्या वरच्या खणातून लाल कापडात बांधलेला निकालाचा गठ्ठा काढला, फुंकर मारून धूळ उडवली, आणि बोट फिरवत फिरवत माझं नाव शोधलं. गणितात ९१, भौतिकशास्त्रात ८४, इंग्रजीत ७२. मला तो कागद बघून इतका आनंद झाला की काका पण हसले. त्यावरून मग चार वर्षांचं एकत्र पत्रक टाइप केलं, प्राचार्यांची सही, गोल शिक्का.

आणि एवढ्यानं भागत नाही. तिकडं ७२ म्हणजे काठावरचं पोरगं वाटतं. आपल्या बोर्डात ३५ ला पास, ६० ला फर्स्ट क्लास आणि ७५ च्या वर डिस्टिंक्शन, हे त्यांना कुणीतरी सांगायला पाहिजे ना. त्यासाठी स्कूल प्रोफाइल नावाचा एक-दोन पानांचा कागद असतो, तो कॉलेजनं पाठवायचा. मोठ्या शहरातल्या इंटरनॅशनल शाळांकडं तो छापील, रंगीत, तयार असतो, तिथं काउन्सेलर नावाचा माणूसच असतो या कामाला. आमच्याकडं काउन्सेलर म्हणजे उपप्राचार्य मॅडम, ज्या त्याच वेळी परीक्षा विभागही बघतात आणि एनएसएसही. मॅडम आणि मी दिवाळीच्या सुट्टीत बसून तो कागद केला. एका तुकडीत शंभरावर पोरं, बोर्ड कुठलं, मार्कांचा अर्थ काय, तिकडच्या पोरांना मिळतात तसे वरच्या पातळीचे विषय इथं निवडताच येत नाहीत, बहुतेक पोरं नीट-जेईई-सीईटीच्या तयारीत असतात. मॅडमनी स्वतःहून एक ओळ घातली की या कॉलेजातून परदेशी बी.ए. ला अर्ज करणारी ही पहिलीच मुलगी आहे. ती ओळ मला सुचली नसती.

पत्रांचं सगळ्यात अवघड होतं आणि सगळ्यात मोलाचंही तेच ठरलं असं मला आजही वाटतं.

गणिताच्या सरांकडं गेले, सर, माझ्यासाठी एक शिफारसपत्र द्याल का. सर लगेच म्हणाले, "देतो की! तूच लिहून आण, मी सही करतो." यात सरांचं काहीच चुकलेलं नाही, आपल्याकडं सगळीकडं असंच चालतं, मीपण दहावीत चारित्र्याचा दाखला स्वतःच टाइप करून नेला होता. पण इथं फॉर्म भरतानाच मी लिहून दिलं होतं की हे पत्र बघायचा हक्क मी सोडते, आणि सर थेट त्यांच्या लॉगिनवरून पाठवणार, माझ्या हातात येणारच नाही. सरांना ते सांगितलं. सर जरा वेळ बघतच राहिले, मग म्हणाले, "म्हणजे मी काय लिहिलं ते तुला कळणार नाही? आणि त्यांना माझं मत पाहिजे?" हो सर. सरांनी खुर्ची पुढं ओढली. "मग तुझ्या वह्या आणून दे."

वह्या दिल्या. अकरावीच्या, बारावीच्या, रफ सुद्धा. त्या बरेच दिवस सरांकडंच होत्या, मला मध्येच एक वही लागली तर म्हणाले, "झेरॉक्स काढून घे, वही मला पाहिजे." सरांच्या ईमेलचा पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता, तो ईमेल मोबाईल घेताना दुकानदारानं काढून दिलेला, मग नवीन ईमेल काढला, कॉमन ॲप म्हणजे एकाच फॉर्मवर बऱ्याच कॉलेजांना अर्ज करायची वेबसाइट, तिचं आमंत्रण स्पॅममध्ये जाऊन पडलं ते शोधून काढलं, सरांच्या मुलानं लॅपटॉप आणला आणि सरांनी दोन बोटांनी पत्र टाइप केलं. मी तेव्हा स्टाफरूमच्या बाहेर उभी होते, आत जायचं नाही म्हणून.

दुसरं पत्र मराठीच्या मॅडमचं. त्या म्हणाल्या मी इंग्रजीत लिहीन तर त्यात तू दिसणारच नाहीस, मी मराठीतच लिहिणार. लिहिलं, हातानं, फुलस्केपवर. त्याचं भाषांतर मी करून चालणार नव्हतं, म्हणून शहरातल्या दुसऱ्या एका कॉलेजातल्या इंग्रजीच्या प्राध्यापकांनी केलं, प्रत्येक पानावर सही केली आणि मूळ मराठी पानं आणि भाषांतर दोन्ही मॅडमच्या लॉगिनवरून गेलं. त्याच वेळी मॅडम म्हणाल्या की आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या कॉलेजला गेल्या तेव्हा त्यांच्याकडंही कुठल्या परीक्षेचे मार्क नव्हते, त्यांनी तिथल्या डीन बाईंना स्वतः पत्र लिहिलं होतं. मला ते माहीत नव्हतं, मी घरी येऊन मायला सांगितलं, आणि त्या दिवसापासून मायनं "कशावरून" विचारणं बंद केलं.

निबंधाबद्दल प्रत्येकाचं मत होतं. मामा म्हणाले पाण्याच्या रेल्वेवर लिही. २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं, तेव्हा आम्ही शहरातच भाड्यानं राहत होतो, घागरी घेऊन टँकरपाशी मी उभी राहिलेय, सगळं खरं. पण ते लातूरच्या लाखो माणसांचं आहे, त्यातून मी कोण हे कळत नाही. मी लिहिलं मॉइश्चरच्या मशीनवर. दिवाळीच्या आगंमागं सोयाबीन बाजारात येतं, १२ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की भाव तुटतो, आणि त्यावरून आडतीत रोज भांडणं. सुट्टीत मी अण्णांना डबा घेऊन जायचे आणि तिथंच बसायचे. एकदा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं पोतं मोजलं, १४ च्या वर आलं, तो म्हणाला परत मोज, दुसरी मूठ घातली, १२ आणि थोडं. माल तोच, मशीन तेच. मग मी वही केली. पोत्यात खुपसून दाणे काढायची लोखंडी नळी असते, तिनं वरचे, मधले आणि तळातले दाणे वेगळे काढून मोजायचे आणि लिहून ठेवायचे, वेळ काय, ऊन आहे का ढग, माल रात्री उघड्यावर होता का. दोन हंगामांच्या नोंदी झाल्या. तळातला माल बहुतेक वेळा जास्त ओला. शेठना दाखवलं, त्यांनी काही फार मोठं केलं नाही, पण वाद झाला की दोन जागचे दाणे घेऊन मोजायला लागले.

निबंधात मी एवढंच लिहिलं, आणि शेवटी लिहिलं की मला स्टॅटिस्टिक्स का शिकायचंय. आधी मोबाईलवर मराठीत बोलून रेकॉर्ड केलं, मग त्याचं माझ्या इंग्रजीत केलं. पुण्याच्या ताईनं प्रेमानं ते सुधारून दिलं, एकेक शब्द असा भारी की मलाच डिक्शनरी लागली. ते ठेवलं नाही. एक तर ते माझं नव्हतं, आणि दुसरं, इंग्रजीत ७२ मार्क आणि निबंध असा, तर वाचणाऱ्याचा कशावर विश्वास बसेल? परीक्षेचे मार्क नसले की बाकीचे सगळे कागद एकमेकांशी ताडून बघितले जातात, त्यामुळं साधं राहिलेलंच बरं.

शाळेबाहेरच्या कामांच्या यादीत दहा जागा असतात, एकेका कामाला दीडशे अक्षरं. मला वाटलं होतं आपल्याकडं ऑलिम्पियाड नाही, डिबेट नाही, काय भरणार. पण त्या यादीत घरची जबाबदारी हा प्रकारच दिलेला आहे. आज्जीला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नेणं, तिच्या औषधांचा हिशोब, धाकट्या भावाचा अभ्यास, आडतीतली वही, पावसाळ्यात रानातली खुरपणी. पोरींनो, हे लिहा. मुंबई-पुण्याची पोरं फी भरून उन्हाळी कोर्स करतात ते लिहितात, तुम्ही रोज चार तास घर चालवता ते लिहायला लाजू नका.

सॅट नसली तरी इंग्रजी येतं हे दाखवावं लागतं, ती वेगळी परीक्षा, तिला टेस्ट-ऑप्शनल लागू होत नाही. मी ड्युओलिंगोची दिली, टोफेल-आयल्ट्सपेक्षा बरीच स्वस्त आणि घरी बसून, तासाभराची. अट एवढीच की खोलीत कुणी यायचं नाही, नजर स्क्रीनवरून हलायची नाही. गणपतीचे दिवस, गल्लीत मंडळ, म्हणून पहाटे पाचला बसले, माय दाराबाहेर पाट टाकून बसली की आज्जी उठून आत येऊ नये. दोन दिवसांत निकाल येतो.

पैशाचे कागद मात्र फार जीव खातात. सीएसएस प्रोफाइल म्हणून घरच्या पैशाची माहिती द्यायचा फॉर्म असतो, पहिल्या कॉलेजला २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाला १६, परदेशी पोरांना ही फी आपोआप माफ होत नाही. पण बऱ्याच कॉलेजांना ईमेल केला तर ते माफीचा कोड देतात नाहीतर फुकटचा दुसरा फॉर्म चालतो म्हणतात, म्हणून आधी विचारायचं, लाजायचं नाही. अर्जाच्या फीचंही तेच, स्मिथ, ग्रिनेल अशा काही कॉलेजांना अर्जाची फीच नाही. अण्णांना पगाराची स्लिप मिळत नाही, रोख मिळतो. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा, शेठचं पत्र, बँकेचं पासबुक, सगळ्याचं इंग्रजी भाषांतर आणि नोटरी. सेतू केंद्रातल्या दादांनी विचारलं कोणत्या योजनेसाठी पाहिजे, मी सांगितलं अमेरिकेच्या कॉलेजला, त्यांनी अर्जात कारण म्हणून शैक्षणिक टाकलं आणि दाखला नीट वेळेत दिला. कार्डवरून डॉलरमध्ये पैसे जाईनात, बँकेत जाऊन परदेशी व्यवहार चालू करून घ्यावे लागले, हे शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

जानेवारीच्या सुरुवातीला अर्ज गेले आणि मग बोर्डाचा अभ्यास. हे लोकांना खरं वाटत नाही पण बारावीचे मार्क त्यांना नंतर लागतातच, घसरले तर दिलेला प्रवेश काढून घेऊ शकतात.

फेब्रुवारीत आमची बोर्डाची परीक्षा जवळ आली आणि तिकडून बातम्या यायला लागल्या. डार्टमाउथनं जाहीर केलं की पुढच्या वर्षीपासून परीक्षा परत सक्तीची, मग येलनं कुठली ना कुठली परीक्षा लागेल म्हणून सांगितलं, मार्चमध्ये ब्राउन, एप्रिलमध्ये हार्वर्ड आणि कॅलटेक. डार्टमाउथनं त्यांच्याच प्राध्यापकांकडून अभ्यास करून घेतला होता, त्यात निघालं की गरीब घरच्या काही पोरांनी आपले मार्क कमी आहेत समजून लपवले, आणि ते दाखवले असते तर त्यांचा फायदाच झाला असता, कारण तिथं मार्क बघताना पोरगं कुठल्या शाळेतून आलंय तेही बघतात. हे वाचून मी रात्रभर विचार करत होते. माझे सरावाचे मार्क तिथवरही पोचत नव्हते हे मला माहीत होतं, पण अहमदपूरच्या एखाद्या पोराला सरावातच चांगले पडत असतील आणि तो मुंबईच्या पोरांशी तुलना करून गप्प बसत असेल तर त्यानं ती परीक्षा जरूर द्यावी.

निकाल मार्चच्या मध्यापासून आले, शेवटचे पेपर चालूच होते. नकार, नकार, एक वेटलिस्ट, परत नकार, आणि मग एका छोट्या कॉलेजचा होकार, आमच्या वाट्याला राहणारी रक्कम लातूरच्या हॉस्टेल-मेसच्या खर्चाएवढी. त्या पत्राच्या खाली पेननं लिहिलेली एक ओळ होती की तुझ्या गणिताच्या सरांनी सांगितलेली संभाव्यतेच्या उदाहरणाची गोष्ट आम्हाला फार आवडली. मला आठवायलाच वेळ लागला. अकरावीत पुस्तकामागचं एक उत्तर मला पटेना म्हणून मी वहीत तेच उदाहरण वेगवेगळ्या तीन पद्धतींनी सोडवून ठेवलं होतं आणि समोर लिहिलं होतं, सरांना विचारायचं. विचारायचं राहूनच गेलं होतं. सरांनी वही चाळताना ते पान वाचलं होतं. सरांना मी ती ओळ दाखवली, त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

२१ मेला बारावीचा निकाल लागला, मार्क ठीक आले. त्याच उन्हाळ्यात नीटचं प्रकरण झालं, ४ जूनचा निकाल, ग्रेस मार्क, पेपरफुटी, चौकशी पार लातूरपर्यंत आली. माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणी दोन वर्षं सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत लायब्ररीत बसलेल्या, त्यांचं रडणं मी ऐकलंय, त्यामुळं परीक्षा वाईट आणि माझा रस्ता चांगला असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. उलट मला वाटतं परीक्षा इथल्या पोरांना एका अर्थानं सरळ पडते. पेपर सोडव, मार्क घे, तुझ्या कॉलेजात लेटरहेड आहे का, सरांना ईमेल आहे का, कुणी विचारत नाही. माझ्या रस्त्यावर हे सगळं विचारतात. मला सर भेटले, दोन्ही मॅडम भेटल्या, लाल गठ्ठा सोडणारे काका भेटले. ज्याला नाही भेटत, त्याच्याकडं माझ्यापेक्षा जास्त हुशारी असूनही त्याचा अर्ज रिकामा दिसणार, आणि टेस्ट-ऑप्शनलचं कौतुक करणाऱ्या लेखांत ही गोष्ट मला कधी वाचायला मिळत नाही.

व्हिसाचं थोडक्यात: कॉलेज आय-२० पाठवतं, म्हणजे व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा कागद, मग सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची ३५० डॉलर फी, डीएस-१६० हा व्हिसाचा फॉर्म, मग मुंबईला मुलाखत. मला विचारलं काय शिकणार, खर्च कोण करणार, वडील काय करतात. सॅटचं कुणी विचारलं नाही. २०२५ पासून सोशल मीडियाची खाती सगळ्यांना दिसतील अशी ठेवायला लावतात आणि तारखा मिळायला वेळ लागतो, त्यामुळं होकार आला की त्याच आठवड्यात कामाला लागा.

उपप्राचार्य मॅडमनी ते स्कूल प्रोफाइल ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ठेवलंय, दरवर्षी आकडे बदलतात. यंदा निलंग्याकडचा एक मुलगा अर्ज करायलाय. तो सॅट देणार आहे, त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे आणि सरावात मार्कही चांगले पडायलेत, मीच म्हटलं दे. आता तो गणिताच्या सरांच्या मागं लागलाय आणि सर त्याला म्हणाले, आधी वह्या आण.